आकडा आणि आकृती

बडोद्याला पंपांचे सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखाना आहे. तिथे मी २२ वर्षं हिशोब लिहिते. सुरुवातीला लाल बांधणीच्या चोपड्या आणि संगणक असं दोन्ही चालायचं. मग चोपड्या दिवाळीच्या पूजेपुरत्या उरल्या आणि सगळं काम एक्सेलमध्ये आलं. सकाळी साडेनऊला बसलं की संध्याकाळपर्यंत डोळ्यांसमोर ओळी आणि रकाने. घरी भाजी निवडतानासुद्धा मी ती मनातल्या मनात रकान्यांत टाकते, असं माझी मुलगी म्हणते.

एक्सेलमध्ये आकृती काढता येतात हे मला पहिली दोन-तीन वर्षं माहीतच नव्हतं. एकदा एका गिऱ्हाइकाची थकबाकी शेठना दाखवायची होती. आकडा ठळक केला, पिवळा केला, तरी पानभर आकड्यांत तो त्यांना सापडेना. तेव्हा ड्रॉइंगची पट्टी उघडून एक लंबगोल घेतला, आतला रंग काढला, कड लाल केली आणि तो त्या आकड्याभोवती बसवला. शेठ म्हणाले, "बेन, आ सारुं कर्युं." त्या दिवसापासून कारखान्यात मी 'चित्रं काढणारी बेन' झाले. तेव्हा या आकृत्यांना ऑटोशेप्स म्हणत. आता त्या इन्सर्टमध्ये शेप्स या नावाखाली असतात.

काम अगदी सोपं आहे. यादीतून चौकोन निवडायचा, बाणाचा अधिकचिन्हासारखा क्रॉस होतो, तो एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ओढायचा. शिफ्ट दाबून ओढलं तर आयताचा नेमका चौरस होतो आणि लंबगोलाचा वर्तुळ. कंट्रोल दाबलं तर आकृती मधोमधून चारी बाजूंना वाढते. ऑल्ट दाबलं तर कडा आपोआप रकान्यांच्या रेषांना जाऊन चिकटतात.

पण एक गोष्ट समजायला मला वेळ लागला. आजच्या एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने असतात. एवढ्या कोट्यवधी घरांपैकी एकाही घरात आकृती नसते. ती घरांच्या वर, काचेवर ठेवल्यासारखी असते. तिच्याखाली आकडा असला तर तो झाकला जातो, पण बेरजेत तो असतोच. आणि आकृतीत तुम्ही कितीही मोठा आकडा लिहा, बेरीज तिच्याकडे ढुंकून बघत नाही. आकृती दिसते, पण मोजली जात नाही.

पुढे शेठनी नव्या गोडाऊनचा आराखडा मला काढायला सांगितला. नकाशा काढायचं सॉफ्टवेअर आमच्याकडे नव्हतं. मी सगळ्या रकान्यांची रुंदी ८.४३ वरून २.१४ केली, ओळींची उंची १५ ठेवली, तेव्हा प्रत्येक घर २० बाय २० पिक्सेलचं, चौरस झालं. पान आलेखाच्या कागदासारखं दिसायला लागलं. एक घर म्हणजे एक फूट. ऑल्ट दाबून मी रॅक, दारं, ट्रक लागायची जागा असं सगळं बसवलं. आमच्याकडे कामाला असलेल्या एका पोराने ते बघून मला मोबाइलवर तात्सुओ होरिउची या जपानी गृहस्थांची चित्रं दाखवली. नोकरी संपायच्या सुमारास त्यांनी एक्सेलच्या आकृत्यांतून चित्रं काढायला घेतली. चित्रकलेच्या सॉफ्टवेअरला पैसे पडतात आणि एक्सेल संगणकात आधीच होतं, म्हणून. २००६ साली त्यांनी एक्सेलमधल्या चित्रांच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवलं. डोंगर, चेरीचा बहर, पाणी. मी बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या चित्रांत कुठे हिशोब नव्हता याचा मला हेवा वाटला.

माझ्या वाट्याला आलेलं चित्र हिशोबाचंच होतं.

आमचं घर मिरजेला. वडील रेल्वेत होते. १९७४ साली त्यांनी ते जुनं, मातीच्या भिंतींचं घर स्वतःच्या पैशांनी विकत घेतलं. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. ते २०२१ साली गेले. मृत्युपत्र केलं नव्हतं. दोन वर्षांनी पुण्याहून दादाचा फोन आला. "घराचं एकदा काय ते करून टाकू. तू एक्सेलमध्ये नकाशे काढतेस ना? आपल्या घराचा काढून दे. मधे रेघ मार, दोन भाग दाखव. वकिलांना दाखवायचाय."

मापं धाकट्याने टेप लावून घेतली आणि पाठवली. रस्त्याच्या बाजूने २८ फूट, आत ५४ फूट. म्हणजे २८ रकाने, ५४ ओळी. एका रविवारी सकाळी मी बसले. पुढची ओसरी ८ फूट, बैठक १०, माजघर १२, मग स्वयंपाकघर आणि त्याला लागून देवघर १२, आणि मागे पडवीसकट परस १२. आई घर खणांत मोजते, फुटांत नाही. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. बैठक पाच खणी, असं ती म्हणते. मी खांबांसाठी बारीक काळे चौकोन काढले. जिन्यासाठी आडव्या रेघा. दारांसाठी आर्क, म्हणजे पाव वर्तुळ, कारण नकाशात दार तसंच दाखवतात. तुळशीसाठी छोटा लंबगोल.

प्रत्येक आकृतीला एक्सेल आपलं नाव देतं. ऑल्ट आणि एफ१० दाबलं की उजवीकडे सगळ्यांची यादी येते. रेक्टँगल १, रेक्टँगल २, पुढे ओव्हल १७, आर्क २१. एखादी आकृती पुसून दुसरी काढली तर पुसलेलीचा क्रमांक सहसा नवीला मिळत नाही, पुढचाच मिळतो. माझं घर पुरं झालं तेव्हा पानावर आकृत्या होत्या ४१ आणि शेवटचीचा क्रमांक होता ६३. बाकीच्या बावीस मी काढून मोडल्या होत्या. देवघरच मी चार वेळा काढलं. ते मला मोठं आठवत होतं, मापाने ते साडेपाच फूट रुंद निघालं.

मग लाल जाड रेघ घेतली आणि चौदाव्या रकान्याच्या कडेने वरपासून खालपर्यंत ओढली. डावीकडे दादा, उजवीकडे धाकटा. रेघ नेमकी तुळशीच्या लंबगोलातून गेली. ते बरं दिसेना. म्हणून लंबगोलावर उजवी टिचकी मारून मी तो ब्रिंग टू फ्रंट केला, म्हणजे सगळ्यांच्या वर आणला. आता रेघ तुळशीपाशी थांबून पलीकडून पुढे गेल्यासारखी दिसत होती. प्रत्यक्षात ती खालून गेलीच होती. हे मी स्वतः केलं, कुणी सांगितलं नव्हतं.

उरला आकड्यांचा भाग. आकृतीला स्वतःचं क्षेत्रफळ माहीत नसतं. ती कितीही ओढा, ताणा, तिच्यावर लिहिलेला आकडा बदलत नाही. म्हणून शेजारी, नकाशाच्या उजवीकडे, मी तक्ता केला. लांबी, रुंदी, गुणाकार. आणि प्रत्येक खोलीच्या आकृतीवर टिचकी मारून वरच्या फॉर्म्युल्याच्या पट्टीत बरोबरचं चिन्ह लिहून तक्त्यातल्या घराशी तिला जोडलं. तसं केलं की तक्त्यात आकडा बदलला, तर खोलीवर लिहिलेलाही बदलतो. एकूण १५१२ चौरस फूट. भागिले दोन. ७५६ आणि ७५६.

फाइल पाठवायच्या आधी मी जेवून घेतलं, भांडी घासली आणि पुन्हा येऊन बसले. रोज दुसऱ्यांच्या हिशोबात एका रुपयाची चूक मी शोधून काढते. इथे भाजकच चुकलेला होता आणि तो मी लिहिला होता.

यात कायद्याचं मोठं ज्ञान लागत नाही. वडिलांनी स्वतः मिळवलेली मालमत्ता असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा हिस्सा मिळतो, हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातच आहे. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित मालमत्तेतल्या मुलींच्या हक्कासाठी होती. आमच्या घराला तिचीही गरज नव्हती. आई, दादा, मी, धाकटा. भागिले चार. प्रत्येकी ३७८ चौरस फूट.

पण कायद्याबरोबर रीतही असते. बहीण हक्कसोडपत्रावर सही करते, ते रजिस्ट्रारकडे नोंदवलं जातं, त्या दिवशी भाऊ तिला साडी घेतो, सगळे एकत्र जेवतात. माझ्या आत्यांनी आजोबांच्या शेतावरचा हक्क असाच सोडला. सही केली नाही तर माहेर तुटतं, असं म्हणतात. शिवाय दादाची बाजू मला ठाऊक होती. घराची कौलं त्याने बदलली, वडिलांच्या आजारपणाचा खर्च मुख्यतः त्याने केला. १९९९ साली माझ्या लग्नासाठी वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातून काढलेले पैसे हाच माझा हिस्सा, असं त्याला मनापासून वाटतं. मला घर नको होतं. बडोद्यात आमचा फ्लॅट आहे. तरी रात्री साडेअकराला मी तक्त्यात दोनाचे चार केले. प्रत्येकासाठी सहा ओळींचा एक खण केला. नाव, नातं, हिस्सा, चौरस फूट, वापरातल्या खोल्या, शेरा. दादा, धाकटा, आई, मी. आईचा खण ३३ ते ३८ या ओळींत आला आणि माझा ३९ ते ४४. फाइल पाठवली आणि झोपले.

चार दिवसांनी दादाकडून ती परत आली, 'वकिलांसाठी' असं नाव देऊन. उघडली आणि मला कळेना की काय झालंय. घर आखूड झालं होतं. ओसरी, बैठक, माजघर जागच्या जागी होतं आणि माजघराच्या मागे एकदम पडवी. मधे एक जाडसर काळी रेघ. स्वयंपाकघर नव्हतं, देवघर नव्हतं.

डावीकडचे ओळींचे आकडे बघितले तेव्हा उलगडा झाला. ३२ नंतर थेट ४५. दादाने बारा ओळी लपवल्या होत्या. वकिलांना तक्ता सुटसुटीत दिसावा म्हणून त्याने आईचा आणि माझा खण नजरेआड केला होता आणि भाजक पुन्हा दोन केला होता. पण ओळ ही पानभर आडवी असते. उजवीकडे जी ओळ माझ्या नावाची, तीच डावीकडे स्वयंपाकघराची. काढलेल्या आकृतीचा मूळचा स्वभाव असा असतो की ती खालच्या घरांबरोबर सरकते आणि त्यांच्याबरोबर लहान-मोठी होते. ओळी मिटल्या तशी त्यांच्यावरची आकृती मिटली. स्वयंपाकघर आणि देवघर एकावर एक चपटी होऊन ती रेघ झाली होती.

मी फोन केला.

"दादा, तू ओळी लपवल्यास का?"

"वकिलांना दाखवायला जरा आटोपशीर केलं गं. पुसलं नाही काही."

"स्वयंपाकघर गेलंय त्यात."

"ते कसं गेलं? मी चित्राला हातसुद्धा लावला नाही."

आणि ते खरं होतं. मी त्याला समजावून सांगितलं, ओळ, रकाना, आकृती, सगळं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "बरं, मग तुझं म्हणणं काय? तुला हिस्सा हवाय का?" त्या प्रश्नाला मला लगेच उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, दिवाळीत येते, तेव्हा बोलू.

आकृतीच्या गुणधर्मांत, म्हणजे प्रॉपर्टीजमध्ये, तीन पर्याय असतात. घरांबरोबर सरक आणि आकारही बदल. सरक, पण आकार बदलू नकोस. सरकूही नकोस आणि बदलूही नकोस. सगळ्या आकृत्या एकदम निवडून तिसरा पर्याय दिला असता तर पुढे कुणी कितीही ओळी लपवल्या तरी स्वयंपाकघर जागचं हललं नसतं. एक मिनिटाचं काम होतं. कारखान्यात मी तेच करते. पण मग ओळी लपवल्यात हे कुणाच्या लक्षातच आलं नसतं, माझ्याही नाही. मी तो पर्याय दिला नाही. लपवलेल्या ओळी तेवढ्या उघडल्या आणि फाइल तशीच ठेवली.

दिवाळीत मिरजेला जाताना बडोद्यातल्या झेरॉक्सच्या दुकानातून नकाशाची मोठ्या कागदावर प्रत काढून नेली. आईचं वय ७८. तिने चष्मा लावला, कागद बैठकीत जमिनीवर पसरला आणि ओसरीतून बोट आत घातलं. आकडे तिने वाचलेच नाहीत. बोट बैठकीतून माजघरात आलं, तिथे थांबलं. "हे दार उलटं काढलंस. हे आत उघडतं, उजवीकडे. तुझ्या बाबांनी बदलून घेतलं होतं." मग बोट स्वयंपाकघरात, देवघरापाशी जरा थांबून पडवीत, पडवीतून परसात. तिथे ते लाल रेघेवर येऊन थांबलं.

"हे काय?"

"भिंत. दोघांच्या मधली."

"मग न्हाणीत कुठून जायचं?"

मी कागद बघत राहिले. न्हाणी आणि संडास परसाच्या उजव्या कोपऱ्यात. स्वयंपाकघर आणि आई झोपते ते माजघर डावीकडे. पन्नास वर्षं ती पहाटे पडवीतून तिरकी त्या कोपऱ्यात जाते आहे. ती वाट मलाही ठाऊक होती, लहानपणी कंदील धरून मी तिच्याबरोबर गेले आहे. पण वाट ही काही खोली नव्हे. तिला लांबी-रुंदी नव्हती, म्हणून तक्त्यात तिची ओळ नव्हती, आणि ओळ नव्हती म्हणून मी तिची आकृती काढली नव्हती. रेघ ओढताना मला काहीच आडवं आलं नाही. दादाला दोष देण्यापूर्वी हे मला मान्य करायला हवं. त्याने बारा ओळी मिटवल्या. मी त्याआधीच आईच्या वाटेत भिंत घातली होती, आणि तुळस वर आणून ती सजवलीही होती.

दादा आणि धाकटा दोघेही तिथेच होते. कुणी काही बोललं नाही. वहिनी फराळाचं ताट घेऊन आल्या, तेव्हा आईने कागदाची घडी केली आणि उशीखाली ठेवली.

बडोद्याला परतल्यावर मी परसात पडवीपासून न्हाणीपर्यंत तुटक निळी रेघ काढली, तिला 'आईची वाट' असं नाव दिलं आणि तक्त्यात तिच्यासाठी ओळ घातली. लाल रेघ पडवीपाशी थांबवली. दोघा भावांना लिहिलं : आई आहे तोवर मागचं परस मोकळं राहील, आणि तिचा हिस्सा व राहण्याचा हक्क आधी कागदावर येईल. तोवर मी हक्कसोडपत्रावर सही करणार नाही. माझा हिस्सा तक्त्यात राहू दे. पुढे सोडायचा तर मीच सोडीन, पण जे दिसत नाही ते सोडता येत नाही. हे पाठवताना माझे हात कापत होते. धाकट्याचा फोन आला, "बरं झालं लिहिलंस ते," एवढंच म्हणाला. दादाचा आला नाही. संक्रांतीला तिळगूळ पाठवला, तो पोचल्याचाही निरोप आला नाही.

जानेवारीच्या शेवटी त्याच्याकडून फाइल आली. सोबत मजकूर नव्हता. मी आधी डावीकडचे आकडे बघितले. ३२, ३३, ३४, सगळ्या ओळी उघड्या होत्या. भाजकाचं घर रिकामं होतं. दोन नव्हते आणि चारही नव्हते, त्यामुळे हिस्स्यांच्या जागी सगळीकडे चुकीची खूण आली होती. निळी वाट तशीच होती. काय बदललंय ते मला लवकर सापडेना. मग माजघराचं दार दिसलं. ते आता आत उघडत होतं, उजवीकडे.

आकृती उलटी करायला फ्लिपची आज्ञा असते, दोन टिचक्यांत होतं. दादाला ती माहीत नसणार. यादी उघडून बघितली तर आर्क २१ तिथे नव्हतं. यादीत सगळ्यात वर नवं नाव होतं, आर्क ७१. माझी निळी वाट ६४ वर संपली होती. मधल्या सहा आकृत्या पानावर कुठेच नव्हत्या.